साधा फ्लूच ना?

4 डिसेंबर 2021, शनिवार. महाराष्ट्रातला ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडल्याचं जाहीर झालं. देशातला तो चौथा. दक्षिण आफ्रिकेतून दुबई-दिल्लीमार्गे घरी परतलेला हा तरुण कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या विलगीकरण केंद्रात होता आणि त्याची लक्षणं सौम्य होती. करोना विषाणूच्या या नव्या रूपाची खबर दक्षिण आफ्रिकेने जगाला दिली 24 नोव्हेंबरला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला नाव दिलं 26 नोव्हेंबरला. त्यानंतर आठव्या दिवशी त्याची नोंद डोंबिवलीत झाली होती.

डोंबिवलीहून ठाणं लोकलने अर्ध्या तासाच्या आत येतं. ठाणे स्थानकात पूर्वेला उतरलं की कोपरी. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला द्रुतगती मार्ग, तिसरीकडे खाडी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत, शेजारी चेंदणीचा कोळीवाडा, जुन्या चाळी आणि त्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, अशी ही दाटीची वस्ती. रोज सकाळी इथली माणसं मुंबईच्या, वाशीच्या, कल्याणच्या दिशेने पांगतात आणि रात्री परत येतात. त्यामुळे जगात कुठेही नवा विषाणू निघाला, की कोपरीतल्या दवाखान्याच्या बाकावर, भाजीच्या गाडीपाशी आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एकच प्रश्न येतो : हा साधा फ्लूच ना?

मार्च 2020 मध्ये तो विचारला गेला. ओमिक्रॉनच्या वेळी पुन्हा विचारला गेला. जानेवारी 2025 मध्ये ‘एचएमपीव्ही’च्या बातम्या आल्या तेव्हाही तोच. प्रश्न चुकीचा नाही. नव्या दुखण्याचं माप घ्यायचं तर माहितीच्या दुखण्याशीच ताडून पाहावं लागतं. पण आपण ताडून पाहतो ते बहुतेक वेळा फक्त लक्षणांवरून : तापच आहे, खोकलाच आहे, अंगच दुखतंय. लक्षणांवरून केलेली ही तुलना आपल्याला 2020 मध्ये महागात पडली. पुढचा विषाणू येईल तेव्हा ती पुन्हा महागात पडू नये, यासाठी हा लेख.

फ्लू साधा कधीच नव्हता

‘साधा’ हे विशेषण आधी तपासून घेऊ. इन्फ्लुएंझाच्या विषाणूंपैकी ए आणि बी हे दोन प्रकार दरवर्षी साथ आणतात. आपल्याकडे त्यांचे दोन हंगाम आहेत : जानेवारी ते मार्च आणि पावसाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 100 कोटी लोकांना हंगामी फ्लू होतो, 30 ते 50 लाख जण गंभीर आजारी पडतात आणि 2 लाख 90 हजार ते 6 लाख 50 हजार माणसं त्यातून उद्भवलेल्या श्वसनविकारांनी दगावतात.

हे मृत्यू आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत. पावसाळ्यात ‘व्हायरल आहे’ म्हणून तीन दिवसांची औषधं मिळतात. तपासणी क्वचितच होते, कारण बहुतेकांना तिची गरज पडत नाही. पण मधुमेह असलेल्या आजोबांना फ्लूनंतर न्यूमोनिया होतो, ते रुग्णालयात जातात, आणि मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा हृदयविकार लिहिला जातो. फ्लूचा उल्लेख कुठेच राहत नाही. सर्दी-पडशाच्या शंभर विषाणूंना आपण ‘फ्लू’ म्हणतो आणि खऱ्या फ्लूने गेलेल्या माणसाला ‘वयाने गेले’ म्हणतो. अशाने फ्लूविषयीचा आपला अंदाजच खोटा ठरतो. नव्या रोगाला ‘फ्लूसारखा’ म्हटल्यावर हायसं वाटतं ते या खोट्या अंदाजामुळे.

हजारात किती?

3 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी सांगितलं, की जगभरात नोंद झालेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे 3.4 टक्के दगावले आहेत, आणि हंगामी फ्लूमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहून पुष्कळ कमी असतं. त्यानंतर सहा दिवसांनी, 9 मार्चला, महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. 3.4 टक्के हा आकडा ऐकून काहींचा थरकाप झाला, तर काहींनी तो थोतांड म्हणून उडवून लावला. दोघांनीही एक गोष्ट नजरेआड केली. तो आकडा ‘नोंद झालेल्या’ रुग्णांमधला होता. ज्यांना लागण झाली पण तपासणी झाली नाही, ते त्या भागाकारात नव्हतेच.

हे न मोजलेले लोक किती असतात, याचा पुरावा लवकरच मुंबईतूनच मिळाला. जुलै 2020 मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या परिसरांतल्या तीन वॉर्डांत 6,936 जणांचं रक्त तपासलं. झोपडपट्ट्यांत 57 टक्के लोकांच्या रक्तात करोनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर इमारतींत 16 टक्के लोकांच्या. नोंदलेल्या रुग्णांच्या कितीतरी पट माणसांना विषाणू भेटून गेला होता. त्या हिशेबाने लागण झालेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण निघालं 0.05 ते 0.10 टक्के, म्हणजे दोन हजारांत एक ते हजारात एक. फ्लूचं ढोबळ प्रमाणही हजारात एक असंच धरतात.

मग ‘फ्लूच आहे’ म्हणणारे बरोबर होते का? नव्हते, आणि त्याची कारणं तीन आहेत. एक तर मुंबईतला आकडा नोंदलेल्या मृत्यूंवर आधारलेला होता आणि त्या काळात प्रत्येक मृत्यूची नोंद होत नव्हती. दुसरं, आपल्या वस्त्यांत तरुणांची संख्या मोठी आहे. कोविडचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढत जातो, म्हणूनच जिथे वृद्ध जास्त त्या युरोपातल्या देशांत हेच प्रमाण अर्ध्या ते एक टक्क्यापर्यंत गेलं. तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. झोपडपट्ट्यांतल्या 57 टक्के लोकांना लागण झाली ती अवघ्या तीन-चार महिन्यांत. फ्लू एका हंगामात मोठ्यांपैकी 5 ते 10 टक्के आणि मुलांपैकी 20 ते 30 टक्के जणांना गाठतो.

ठाणे शहरापुरता हिशेब करून पाहू. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 18 लाख 41 हजार होती. त्यातल्या दहा टक्क्यांना लागण झाली आणि हजारात एक दगावला, तर 184 मृत्यू. तोच दर कायम ठेवून निम्म्या शहराला लागण झाली, तर 920. निम्म्या शहराला लागण आणि दर हजारात पाच, तर 4,600. हा नुसता गुणाकार आहे, पण रोग आणि साथ यांतला फरक त्यात दिसतो. ‘मला झाला तर काय होईल’ याचं उत्तर एक असतं, ‘सगळ्यांना एकदम झाला तर गावाचं काय होईल’ याचं दुसरं. दवाखान्यात आपण पहिला प्रश्न विचारतो. महापालिकेला दुसऱ्याचं उत्तर द्यावं लागतं. म्हणूनच जून 2020 मध्ये बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये ठाणे महापालिकेला सुमारे हजार खाटांचं रुग्णालय उभारावं लागलं. हंगामी फ्लूसाठी असं रुग्णालय कधी उभारावं लागलेलं नाही.

शरीराची ओळख

फ्लू दरवर्षी येऊनही शहर का थांबत नाही? कारण आपली शरीरं त्याला ओळखतात. लहानपणापासून आपण त्याची कुठली ना कुठली रूपं अंगावर घेतलेली असतात. विषाणू दरवर्षी थोडा बदलतो, पण पूर्ण परका होत नाही. म्हणून बहुसंख्यांना तो फक्त अंथरुणाला खिळवतो. शिवाय दरवर्षी नव्याने ठरवलेली लस आहे, आणि पहिल्या 48 तासांत दिलं तर उत्तम काम करणारं ऑसेल्टामिविर हे औषध आहे.

ही ओळख पुसली गेली की फ्लू स्वतःच नवा विषाणू होतो. 2009 मध्ये आपण ते पाहिलं. इन्फ्लुएंझा ए विषाणूची जनुकं आठ तुकड्यांत असतात. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले की या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. डुक्कर, पक्षी आणि माणूस यांच्या फ्लूचे तुकडे एकत्र येऊन बनलेला एच1एन1 त्या एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत आढळला. 11 जूनला जागतिक साथ जाहीर झाली. 3 ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला तो या साथीचा पहिला बळी. नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा, रुमाल बांधलेले चेहरे, बंद झालेल्या शाळा पुणेकर विसरलेले नाहीत. ठाण्या-मुंबईतल्या अनेक मोठ्या दहीहंड्या त्या वर्षी रद्द झाल्या.

त्या साथीत साठीपुढच्या लोकांना तुलनेने कमी त्रास झाला. तरुण आणि गरोदर स्त्रिया जास्त आजारी पडल्या. एरवी फ्लू म्हाताऱ्यांना गाठतो, मग या वेळी उलटं का? कारण वृद्धांच्या शरीरांना त्यांच्या लहानपणी फिरणाऱ्या एच1एन1ची जुनी ओळख होती आणि तरुणांना ती नव्हती. एकाच घरात, एकाच हवेत, एकाच विषाणूपुढे आजोबा सावरले आणि नात अतिदक्षता विभागात गेली, असंही घडलं.

2009 च्या साथीतली मोजणीही बोलकी आहे. प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेले त्या साथीचे मृत्यू जगात सुमारे साडेअठरा हजार होते. नंतर अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने अभ्यास करून पहिल्या वर्षातल्या मृत्यूंचा अंदाज मांडला, तो दीड लाखापासून पावणेसहा लाखांपर्यंत होता. साथ चालू असताना हाती येणारा आकडा किती अपुरा असतो, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही. पुढच्या वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकातून देण्याची लस आली, 10 ऑगस्ट 2010 रोजी साथ संपल्याचं जाहीर झालं, आणि तोच एच1एन1 आज हंगामी फ्लूमध्ये मोजला जातो.

त्याही मागे जाऊ. 10 जून 1918 रोजी मुंबईत सात पोलिस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. पाहता पाहता कचेऱ्या आणि गिरण्यांत हजेरी घटली, पण जुलैअखेर ताप ओसरला. पुष्कळांना तो साधा ताप वाटला. सप्टेंबरमध्ये तो परतला तेव्हा अधिक घातक होता. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली. सर्वाधिक मेले ते वीस ते चाळीस वयाचे. आगगाडीच्या रुळांवरून साथ देशभर पोचली. 1853 मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यापर्यंत धावली, ते या मार्गावरचं पहिलंच मोठं गाव. भारतातल्या मृत्यूंचे नंतरचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होतात आणि पावणेदोन कोटींपर्यंत जातात. जनगणनेच्या इतिहासात देशाची लोकसंख्या घटली असं एकच दशक आहे : 1911 ते 1921. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात ती 2 कोटी 15 लाखांवरून 2 कोटी 8 लाखांवर आली. हे सगळं ‘फ्लू’ने केलं. त्या विषाणूचे वंशज पुढे दशकानुदशकं हंगामी फ्लू म्हणून आपल्यात फिरले. 1968 मध्ये जागतिक साथ आणणारा एच3एन2 हासुद्धा आज हंगामीच आहे. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या दवाखान्यांत गर्दी केली ती त्याने.

आज ज्याला आपण हंगामी म्हणतो, तो प्रत्येक विषाणू कधीतरी नवा होता. तो हंगामी झाला तो माणसांनी मोठी किंमत मोजून. ती किंमत मृत्यूंनी चुकवायची की लसीने, एवढंच आपल्या हातात असतं.

ओमिक्रॉनने हे लख्ख दाखवलं. डोंबिवलीतला तो रुग्ण बरा होऊन घरी गेला, जानेवारी 2022 ची लाट रुग्णसंख्येने प्रचंड असूनही 2021 च्या दुसऱ्या लाटेइतकी घातक ठरली नाही, आणि ‘आता हा फ्लूच झाला’ असं सगळे म्हणू लागले. पण त्याच ओमिक्रॉनने फेब्रुवारी-मार्च 2022 मध्ये हाँगकाँगमध्ये लोकसंख्येच्या मानाने जगातल्या सर्वाधिक मृत्युदरांपैकी एक गाठला. तिथल्या वृद्धांपैकी फार मोठ्या संख्येने लस घेतलेली नव्हती आणि आधीच्या लाटांपासून शहर जवळपास अलिप्त राहिलं होतं. आपल्याकडे तो सौम्य वाटला, यात विषाणूच्या स्वभावाचा वाटा होताच. पण त्याहून मोठा वाटा होता आधीच्या लाटांनी आणि लसीने करून दिलेल्या ओळखीचा.

तीस दिवसांचा हिशेब

तुलनेचा आणखी एक निकष म्हणजे वेग. हंगामी फ्लूचा एक रुग्ण सरासरी सव्वा ते दीड माणसाला लागण करतो. मूळ करोनाचा रुग्ण करायचा दोन ते तीन जणांना. फ्लूची एक फेरी साधारण तीन दिवसांत पुरी होते, करोनाची पाचेक दिवसांत. फ्लूचा गुणक 1.3 धरला तर महिन्यात दहा फेऱ्या होऊन एकाचे सुमारे चौदा होतात. करोनाचा 2.5 धरला तर सहाच फेऱ्या होतात, पण एकाचे जवळपास 244 होतात. फ्लूचा रुग्ण एक-दोन दिवसांत तापाने झोपतो आणि घरीच थांबतो. करोनाची लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस, क्वचित चौदाही लागत, आणि लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना लागण करत असे. कितीकांना तर लक्षणं दिसलीच नाहीत. म्हणजे असा रुग्ण सकाळी कोपरीतून निघून दाराशी लोंबकळत दादरला जात असे आणि त्याला कशाचा पत्ता नसे.

म्हणूनच 22 मार्च 2020 च्या मध्यरात्री लोकल थांबवावी लागली. 15 जूनला ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली, आणि लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या सर्वसामान्यांसाठी 15 ऑगस्ट 2021 रोजी. मधल्या काळात ठाणे-कल्याण पट्ट्याची कोंडी झाली. मुंबईतल्या रुग्णालयांच्या परिचारिका, बेस्टचे चालक-वाहक, पोलिस, सफाई कामगार मोठ्या संख्येने याच पट्ट्यात राहतात. मे 2020 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत काम करणाऱ्यांच्या रोजच्या ये-जा करण्यावर बंदीचा आदेश काढला. टीका झाली आणि तो बारगळला. आदेशामागची भीती खरी होती, आणि त्या माणसांवाचून मुंबईची रुग्णालयं चालणार नव्हती हेही खरं होतं. हंगामी फ्लू कुठल्याही गावाला अशा पेचात टाकत नाही.

राज्यात कोविडच्या अधिकृत मृत्यूंची संख्या सुमारे 1 लाख 48 हजार आहे. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत भारतात एरवीपेक्षा 47 लाख मृत्यू जास्त झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. केंद्र सरकारला तो मान्य नाही. कुठलाही आकडा धरला तरी ‘फ्लूच आहे’ हे विधान त्यापुढे टिकत नाही.

उलट बाजूची चूक

घाई दुसऱ्या बाजूनेही होते. जानेवारी 2025 मध्ये बंगळुरूत दोन बाळांना एचएमपीव्ही आढळल्याची बातमी आली आणि लगेच ‘नवा चिनी विषाणू’, ‘पुन्हा लॉकडाउन’ असे निरोप फिरले. प्रत्यक्षात हा विषाणू 2001 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ओळखला आणि त्याआधीही अनेक दशकं तो माणसांत फिरत होता. पाच वर्षांपर्यंतच्या बहुतेक मुलांना तो होऊन गेलेला असतो. तो बातमीत नवा होता, शरीराला जुना होता. लहान बाळं आणि वृद्ध यांना जपायला हवं होतं. घाबरून जायचं कारण नव्हतं.

आज कोविडही शरीराच्या ओळखीचा होण्याच्या वाटेवर बराच पुढे आला आहे. तरी मे 2025 मध्ये रुग्ण वाढले तेव्हा ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयात करोनाबाधित असलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याचा मधुमेह गंभीर अवस्थेला गेलेला होता. हंगामी झालेला विषाणूही दुबळ्या शरीराला सोडत नाही. फ्लूचंही हेच आहे, म्हणूनच ‘साधा’ या विशेषणाला माझा विरोध आहे.

पुढच्या वेळी

पुढचा विषाणू येणार हे नक्की. तो आला की दवाखान्याच्या बाकावर प्रश्न विचारावेत ते असे : आपल्या शरीरांना याची ओळख आहे का? एक रुग्ण किती जणांना देतो, आणि लक्षणं दिसण्याआधी देतो का? तो कोणाला जास्त मारतो : म्हाताऱ्यांना, मुलांना, गरोदर स्त्रियांना? लस आहे का, औषध आहे का? आणि ऐकलेला मृत्युदर नोंदलेल्या रुग्णांतला आहे की लागण झालेल्या सर्वांतला? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत ‘फ्लूच आहे’ असंही म्हणू नये आणि ‘सगळे मरणार’ असंही म्हणू नये. उत्तरं यायला काही आठवडे लागतात. तेवढे आठवडे सावध राहण्याचा खर्च, नंतर खाटा शोधत हिंडण्यापेक्षा नेहमीच कमी असतो.

उत्तरं शोधणारी यंत्रणा आपल्या जवळच आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था 1952 पासून हेच काम करते. पण तिच्यापर्यंत नमुना पोचतो तो गल्लीतल्या डॉक्टरने संशय घेतला तर. कल्याण-डोंबिवलीत साथीच्या काळात खासगी फॅमिली डॉक्टर पालिकेबरोबर उभे राहिले. घराघरातली माणसं त्यांच्या ओळखीची होती, म्हणून रुग्ण लवकर हाती लागले. 2021 मध्ये स्मार्ट सिटी स्पर्धेतला कोविड नवोपक्रमाचा राष्ट्रीय पुरस्कार कल्याण-डोंबिवलीला वाराणसीबरोबर विभागून मिळाला. अशी सांगड साथ नसतानाही टिकायला हवी. पावसाळ्यात येणाऱ्या तापाच्या रुग्णांपैकी काहींचे नमुने नियमितपणे तपासले गेले, तर नवा विषाणू गर्दीत मिसळण्याआधी दिसेल.

उरलेलं काम आपलं आहे. घरात साठीपुढचं कोणी, मधुमेही, दम्याचा रुग्ण किंवा गरोदर स्त्री असेल तर डॉक्टरांशी बोलून दरवर्षी फ्लूची लस घ्या. गरोदर स्त्रिया आणि जोखमीच्या रुग्णांना ती शासनाच्या मोहिमेत मोफत मिळते, त्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. ताप असताना लोकलमध्ये चढू नका, आणि चढावंच लागलं तर मास्क लावा. मालकांनी आणि साहेबांनी तापाच्या दोन दिवसांची रजा पगार न कापता द्यावी, कारण रोजंदारीवरचा माणूस घरी थांबत नाही तो हौसेने नव्हे. एवढं हंगामी फ्लूसाठी आजपासून केलं, तर पुढच्या नव्या विषाणूची निम्मी तयारी झालेली असेल.